वार पडण्याआधी

गोमटेश मगदूमला मी फार ओळखत होतो असे नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याच्या आईने, गुणमालाआक्कांनी, मला लिहायला सांगितले ते त्या समजुतीवरच. त्याच्या वर्गमित्रांनी सांगलीत त्याच्या चित्रांचे छोटे प्रदर्शन भरवायचे ठरवले आहे आणि सोबत एक पुस्तिका काढायची आहे. "तुमीच लिवा," आक्का म्हणाल्या. "त्याच्यासमोर सगळ्यांत जास्त येळ तुमीच हुबा हुता."

उभा होतो हे खरे. पण चित्रासाठी जो उभा राहतो त्याला चित्रकार दिसत नाही. त्याला एक जागा नेमून दिलेली असते आणि तिकडेच बघायचे असते. मला गच्चीवरच्या कपडे वाळत घालायच्या तारेची गाठ नेमून दिली होती. गोमटेश बाजूला कुठेतरी असायचा. कागदाचा आवाज, चपलेचा आवाज, "आबा, हनुवटी जरा खाली" असा आवाज. त्याच्या मनात काय चालले होते ते मला तेव्हा कळले नाही आणि आता विचारायची सोय राहिली नाही. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तो डेंग्यूने गेला. अजून चाळिशी आली नव्हती.

मी मूळचा फलटण तालुक्यातला. साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होतो. उसाच्या गाड्यांची वजने लिहिण्यापलीकडे मी फारसे काही लिहिलेले नाही, तेव्हा इथे वेडेवाकडे झाले तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे. आमच्या घरात सगळे फौजेत. वडील होते, थोरला भाऊ धनाजी होता, चुलते होते. मीही भरतीला गेलो होतो. उंची भरली, वजन भरले, छाती भरली नाही. फुगवूनही भरली नाही. पुढे आयुष्यभर लोक माझी उंची बघून विचारायचे, "कुठल्या पलटणीत होता?" आणि मी म्हणायचो, "काट्यावर होतो." बायको गेल्यावर मुलगा जयराज आणि सूनबाई यांच्याकडे सांगलीला विश्रामबागेत राहायला आलो. मगदूमांचे घर आमच्या घराला लागून. मधे कमरेएवढी भिंत.

मगदूम म्हणजे जैन शेतकरी. जमीन गावाकडे वाट्याने दिलेली. गोमटेशचे वडील लवकर गेले. घरात आई आणि तो, दोघेच. त्याने लग्न का केले नाही हे मी कधी विचारले नाही. गच्चीवर पत्र्याची खोली बांधून तिथे तो रंगवत बसायचा. मंदिरातल्या पूजेसाठी मोठे पडदे करायचा, कुणाकुणाच्या आजोबांची चित्रे करायचा, आणि उरलेल्या वेळात कसलीतरी अक्राळविक्राळ जनावरे. आमच्या दोन्ही घरची धुणीभांडी करणाऱ्या हरणाबाई म्हणायच्या, "खाली आक्का मुंगीबी वलांडून जात्यात, आन वर ह्यो बघा काय पाळतोय!"

एका सकाळी मी भिंतीपाशी दात घासत होतो. तो पलीकडे येऊन उभा राहिला.

"आबा, रागावणार नसाल तर एक इचारू? तुमचे फोटो काढायचे हाईत."

"माझे? कशाला रं?"

"लढवय्या पायजे. म्हातारा, उंच, नाक असं पुढं आलेला."

"अरे गड्या, मी काट्यावरचा कारकून."

"ते चित्रात दिसत न्हाई."

मी नको म्हणणार होतो. पण तोंडात पेस्ट होती, आणि ती थुंकून येईपर्यंत तो "मग उद्या सकाळी, ऊन कोवळं असताना" म्हणून गेला.

परदेशातल्या एका कंपनीच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ त्याला मिळाले होते. पुस्तक गोष्टीचे नव्हते, खेळाचे होते. त्याने मला समजावून सांगितले. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, फासे टाकतात, आपण कोण हे आधी ठरवून घेतात आणि गोष्ट आपणच रचत जातात. त्या खेळाचे नियम, त्यातली राज्ये, त्यातली जनावरे असल्या जाडजूड पुस्तकात असतात.

"म्हणजे सोंगट्याच की," मी म्हणालो.

"सोंगट्याच. फक्त सोंगट्या बोलत्यात."

"आणि जिंकतं कोण?"

"कोनच न्हाई. खेळ संपतच न्हाई, लय दिवस चालतो."

मला ते काही पटले नाही. पण गोमटेश रंगून सांगत होता. आधी त्याने अशी लहानसहान पुस्तके केली होती. हे मुख्य पुस्तक होते, जाड पुठ्ठ्याचे, जगभर जाणारे. "हे मनासारखं झालं ना आबा," तो म्हणाला, "तर पडदे रंगवायचे बंद. मग फक्त ही जनावरं."

तो काम कसे करायचा ते थोडेफार मी बघितले आहे, ते सांगतो. आधी तो पोस्टाच्या तिकिटाएवढी चित्रे काढायचा. एका कागदावर कितीतरी. त्यात माणूस म्हणजे एक रेघ आणि जनावर म्हणजे एक डाग. "एवढ्यात जमलं तर मोठ्यात जमंल," म्हणायचा. वरचा भाग मोकळा सोडायचा, कारण तिथे पुस्तकाचे नाव येणार. त्यातली चार कंपनीकडे पाठवली. तिथे चित्रे बघणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी एक पसंत केले. खडकावर मागे रेललेले प्रचंड जनावर, त्याच्यासमोर म्हातारा योद्धा, त्याने दोन्ही हातांनी तलवार डोक्यावर उगारलेली.

मग त्याने जनावर शाडूचे केले. वीतभर उंचीचे. ते टेबलावर ठेवून बाजूने दिवा लावायचा आणि सावल्या कुठे पडतात ते बघायचा. अंगावरचे खवले कसे असावेत म्हणून तो कृष्णेकाठी जाऊन बसायचा. नदीत मगरी आहेत, ऊन खायला वर येतात. दुर्बीण घेऊन सकाळभर बसायचा आणि येताना चिखलाने भरून यायचा. मान त्याने घोरपडीची घेतली, खांदे म्हशीचे. डोळा मात्र कुणाचा घेतला ते सांगेना. मी फार आग्रह केल्यावर म्हणाला, "आमच्या आज्जीचा. शेवटच्या दिवसांतला."

चित्र झाले तरी ते शाडूचे जनावर मोडायचे नाही, अशी आक्कांची ताकीद होती. मोडायचे म्हटले की मनात मारायचा भाव येतो, आणि भाव आला की झालेच, असे त्यांचे म्हणणे. "पिठाचा जीव करून मारला तरी पाप लागतं, ही तर शाडू हाय," म्हणायच्या. त्यामुळे आधीची सगळी जनावरे गच्चीच्या कठड्यावर ओळीने बसलेली असत. पावसाने आपोआप विरघळली तर विरघळली.

माझ्या उभे राहण्याची गोष्ट अशी. पहिल्या दिवशी त्याने माझ्या खांद्यावर घोंगडी टाकली आणि हातात नळाचा प्लास्टिकचा पाइप दिला. दोन-चार फोटो काढून तो थांबला.

"न्हाई जमत, आबा. पाइपाला वजन न्हाई. खांदा खोटं बोलतोय."

खाली जाऊन तो लोखंडी पहार घेऊन आला. ती उचलून डोक्यावर धरायची म्हणजे माझ्या वयाला गंमत नव्हती. पण धरली. दंड थरथरायला लागले. तो भराभर फोटो काढत होता, कागदावर रेघा ओढत होता, आणि मी तारेच्या गाठीकडे बघत होतो. तेवढ्यात हरणाबाई बादली घेऊन वर आल्या.

"आवं आबा! कुनावर धरलीय?"

"हसवू नका," गोमटेश ओरडला. "खांदा हलतोय."

"आक्काच्या घरात हानामारी! बोलावू का आक्कास्नी?"

मी हसलो आणि पहार खाली घेतली. त्यानंतर पुष्कळ दिवस ती सकाळची वेळ ठरून गेली. मी घरी कुणाला फारसे सांगितले नाही. आरशात मात्र एकदोनदा छाती बघितली.

त्याचा नियम मला तिथेच कळला. मी विचारले, "तलवार वरच का? खाली आणली तर मला तरी सोपं जाईल."

तो हसला. जैन लोक आपल्या मुनिमहाराजांसमोर नियम घेतात. कुणी रात्रीचे जेवण सोडतो, कुणी कंदमुळे सोडतो, कुणी एखादी आवडती गोष्ट सोडतो. वडील गेले त्या वर्षीच्या चातुर्मासात गोमटेशने नियम घेतला होता, की जीव घेतला जाताना चितारणार नाही. त्यामुळे त्याच्या सगळ्या चित्रांत वार पडण्याआधीचा क्षण असायचा. बाण धनुष्यावर असायचा, भाला हातात असायचा. त्याचे ब्रशही नायलॉनचे असत, केसांचे नसत. काळा रंग तर तो विकतचा वापरायचाच नाही. एक चांगला काळा हाडे जाळून करतात म्हणे. कुठला कशाचा आहे कळत नाही, म्हणून तो निळा आणि गडद तपकिरी एकत्र करून आपला काळा करायचा. त्याच्या चित्रांतल्या रात्रीही त्यामुळे जरा निळसर असत.

"आणि आबा," तो म्हणाला, "नियम नसता तरी मी असंच केलं असतं. तलवार वर हाय तवर बघणारा श्वास धरून बसतो. खाली आली की काय ऱ्हायलं? मटणाचं दुकान."

हे त्याने खरेच मानले होते की नियमाची बाजू सावरायला म्हटले होते, मला सांगता येणार नाही.

मोठे चित्र सुरू झाले. आधी सगळे तपकिरी रंगात, जुन्या फोटोसारखे. मग त्यावर रंगांचे पातळ पातळ थर. तो जनावराच्या डोळ्यापाशी फार दिवस थांबला. माझा चेहरा त्याने लवकर उरकला, याचे मला थोडे वाईट वाटले. पण झाले तेव्हा मी बघतच राहिलो. जनावर मागे रेलले होते, मान वर. त्या डोळ्यात राग नव्हता. थकवा होता आणि थोडे आश्चर्य. आणि त्याच्यासमोर मी होतो. म्हणजे मी नव्हतो, पण नाक माझे होते. तलवार डोक्यावर, आणि मागच्या खडकावर उगारलेल्या हातांची लांब सावली. तो म्हातारा मारणार आहे की थांबणार आहे, हे कळत नव्हते. आक्का जिना चढून वर आल्या, बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "न्हाई मारत त्यो. त्याला दया आलीया."

"कशावरनं?" गोमटेशने विचारले.

"मला म्हाईत हाय," म्हणाल्या आणि खाली गेल्या.

चित्र कंपनीकडे गेले. बाईंनी फार कौतुक केले. नंतर विक्री बघणाऱ्या लोकांनी बघितले आणि त्यांना ते अर्धवट वाटले. दुकानात गिऱ्हाईक दुरून बघते, कोण जिंकले हे त्याला लगेच कळले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे पडले. तलवार जनावराच्या मानेत घाला, रक्त दाखवा, बाकी सगळे उत्तम आहे.

गोमटेशने त्यांना समजावले. मग जनावर दमलेले दाखवतो म्हणाला, पडलेले दाखवतो म्हणाला, तलवारीवर आगीचा उजेड दाखवतो म्हणाला. तशी छोटी चित्रे करून पाठवली. उत्तर आले की नाही, रक्तच हवे. त्या दिवसांत तो गच्चीवर नुसता येरझाऱ्या घालायचा. मी भिंतीपाशी उभा राहायचो. शेवटी एका संध्याकाळी तो खाली आला तेव्हा मी म्हणालो, "हे बघ, आमी मटण खाणारी माणसं. तू मला ब्रश दे. कुठं लावायचं ते बोटानं दाखव. मी लावतो लाल. तुझा नियम तुझ्यापाशी राहिला."

तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. "आबा, तुमचा हात पहारीनं थरथरतोय अजून."

आक्का पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी चांगल्या मनानं म्हटलं. पर आमच्यात स्वतः केलं, दुसऱ्याकडनं करवलं, नि कुनी केलेल्याला बरं म्हटलं, तिन्ही सारखंच."

मग कंपनीकडून शेवटचा निरोप आला. तुम्हाला जमत नसेल तर राहू द्या, आमच्याकडचा माणूस कॉम्प्युटरवर तेवढा बदल करील. नाव तुमचेच राहील. तुमची हरकत आहे का ते सोमवारी कळवा. हरकत असेल तर हे चित्र बाजूला ठेवून दुसऱ्या कुणाचे घेऊ.

म्हणजे आता त्याला हातही लावायचा नव्हता. नुसते बरे म्हणायचे होते. आणि नाही म्हटले तर ते चित्र कुणाला दिसणारच नव्हते. त्या मगरी, तो डोळा, त्या सगळ्या सकाळी. रविवारी दुपारी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. मला म्हणाला, "आबा, काय करू?"

मी म्हणालो, "मला काय कळतंय त्यातलं." हे खरे होते, पण याहून बरे काही माणसाला सांगता यायला पाहिजे होते.

आक्का भिंतीपलीकडून म्हणाल्या, "उद्या चौदस हाय. उपास कर, मौन धर. तोंड बंद ठेवलं की आतलं ऐकू येतं. परवा सकाळी काय ते सांग त्यांना."

त्याने मान डोलावली. त्यांचा सोमवार आपल्या मंगळवारी सकाळपर्यंत चालतो, असा हिशेब त्याने केला आणि तो बरोबरच होता.

सोमवारी मी तिकडेच होतो. आक्कांनी बोलावले म्हणून गेलो, आणि काही काम नसताना बसून राहिलो. गोमटेश खोलीत ब्रश धूत होता. मौनात तो बोलत नसे, लिहूनही देत नसे. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा खिडकीतला फोन वाजला. परदेशचा लांबलचक आकडा. फोन थरथरत खिडकीच्या कडेकडे सरकत होता. आक्कांनी माझ्याकडे बघितले.

"भाऊ, तुमी घ्या की."

"मी काय बोलू?"

"सांगा, आज बोलत न्हाई म्हून."

मला इंग्रजी वाचता येते, लिहिता येते. बोलायची वेळ आयुष्यात आली नव्हती. आज तो बोलत नाही, घशाला काही झालेले नाही, रागावलेलाही नाही, हे सगळे एका वाक्यात कसे बसवायचे, हे मी मनात जुळवत होतो. फोन बंद झाला. परत वाजला. मी उठलो, तर गोमटेशने ओला हात वर करून राहू द्या म्हणून खूण केली. त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. उलट पुष्कळ दिवसांनी तो शांत दिसत होता. फोन आणखी एकदा वाजून थांबला. आक्का सूर्य मावळायच्या आत पाणी प्यायला खाली गेल्या, आणि मी घरी आलो.

मंगळवारी पहाटेच त्याने भिंतीवरून हाक मारली. "आबा! आवं आबा!"

मी बाहेर आलो. त्याने अंघोळ केली होती, कपाळाला गंध होते.

"न्हाई म्हणायचं ठरलं," तो म्हणाला. "चित्र परत घेतो. घरात टांगतो. हरणाबाईला रोज भीती दाखवतो."

"बरं झालं," मी म्हणालो. मला खरेच बरे वाटले. तो जिना चढून वर गेला. मी चूळ भरायला तांब्या घेतला, आणि तेवढ्यात तो परत खाली आला. हातात फोन होता. तो माझ्यापुढे धरला. मी चष्मा नसल्यामुळे वाचू शकलो नाही.

"काय झालं?"

"छापायला गेलं."

आदल्या संध्याकाळी त्यांनी फोन केले, उत्तर आले नाही. मग त्यांनी निरोप लिहून ठेवला होता की तुम्ही फोन घेत नाही, म्हणजे तुमची हरकत दिसत नाही, तेव्हा आम्ही पुढे जातो, आभारी आहोत. छापखान्याची वेळ त्यांची आधीच ठरलेली होती. गोमटेशने लगेच नाही म्हणून लिहिले. फोनही केला, पण तिकडे कुणी उचलला नाही. बाईंचे उत्तर आले ते फार गोड होते. आता थांबवता येत नाही, पण तुम्ही पुस्तक हातात घेतल्यावर खूश व्हाल. निदान माझे नाव काढा, असे त्याने लिहिले. तर म्हणे नाव हा तुमचा हक्क आहे, तो आम्ही कसा काढणार?

आक्का म्हणाल्या, "मीच म्हटलं मौन धर." एवढे एकच वाक्य. नंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

पुस्तके कुरिअरने आली. तो दिवस मला आठवतो कारण जयराजही घरी होता. गोमटेशने पुठ्ठा कापला, वरचे पुस्तक काढले आणि माझ्या हातात दिले. माझे हात खाली आले होते. तलवार जनावराच्या मानेत अर्धी रुतली होती आणि रक्त माझ्या कोपरापर्यंत उडाले होते. जयराज वाकून बघत म्हणाला, "आबा, शेवटी गेला की फौजेत!" त्याने सहज म्हटले. गोमटेशही हसला. मग बराच वेळ तो पुस्तक उजेडात धरून बघत होता.

"ज्यानं केलंय त्याला काम येतंय," तो म्हणाला. "रक्ताचा रंग बरोबर हाय. ओलं दिसतंय. पर एक चुकलं."

"काय?"

त्याने मागच्या खडकावर बोट ठेवले. हात खाली आणला होता, तलवार खाली आणली होती, पण सावली तशीच राहिली होती. खडकावरची सावली अजून दोन्ही हात वर करून उभी होती.

"तेवढी माझी," तो म्हणाला.

पुढे तो महाराजांकडे जाऊन प्रायश्चित्त घेऊन आला. काही उपास सांगितले होते, ते त्याने केले. चित्रे सोडायला महाराजांनी सांगितले नव्हते, ती त्याने आपणहून सोडली. आक्का मला परत परत हे सांगायच्या, जणू मी जाऊन त्याला पटवू शकणार होतो. "भाऊ, तुमी सांगा की त्याला. तू केलं न्हाईस, करवलं न्हाईस, बरंबी म्हटलं न्हाईस. मग कशाचा दोष?"

मी एकदा वर गेलो. तो खिडकीत बसला होता. मी आक्कांचे शब्द तसेच्या तसे म्हणून दाखवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"नाव माझं हाय, आबा," तो म्हणाला. "जगात कुठंबी कुनी ते पुस्तक उघडलं की म्हणणार, ह्यानं मारलं."

"नाव कोण वाचतंय रे."

"मी वाचतो."

मी उठलो आणि खाली आलो. आक्का जिन्याखाली उभ्या होत्या. मी नाही म्हणून मान हलवली. त्याच कंपनीने त्याला पुढचे पुस्तक देऊ केले होते, हे मला पुष्कळ नंतर कळले. त्याने उत्तर दिले नाही. या वेळी त्यांनी गप्प राहण्याचा अर्थ बरोबर घेतला असावा.

मग तो कवठे महांकाळला गेला. तिथे त्याचे मामा, जवाहर मामा, बेदाण्याचा व्यापार करतात. तो त्यांच्याकडे शेडवरचे काम बघायला लागला. द्राक्षे वाळवणे, निवडणे, खोक्यात भरणे. खोक्यांसाठी त्याने द्राक्षाच्या घडाचे एक चित्र करून दिले, तेवढेच. दर रविवारी सांगलीला आईकडे यायचा. वर खोलीत जायचा नाही, गच्चीच्या दारापर्यंतही नाही. आक्का आता चढू शकत नव्हत्या, त्यामुळे ती खोली बंदच राहिली. रविवारी भिंतीशी आमचे बोलणे व्हायचे, पण चित्राचे नाही. मला दर वेळी वाटायचे, आज विषय काढावा. काय म्हणायचे तेही ठरवायचो. तो समोर आला की ते शब्द मला हलके वाटायचे, आणि आम्ही पाऊसपाण्यावर बोलायचो.

शेवटचा रविवार कसा होता, हे मी पुष्कळ आठवून बघितले. त्याला ताप होता का, डोळे लाल होते का. मला काही दिसले नव्हते. ऊन पडले होते. त्याने भिंतीवरून एक खोके पुढे केले.

"आबा, बेदाणा आणलाय. मऊ हाय, तुमच्या दाताला चालंल."

"एवढा कशाला रे? आमी दोनचार माणसं."

"खावा. पर आजच डब्यात घाला, झाकण घट्ट लावा. न्हाईतर मुंग्या लागत्यात, आन मग वहिनी औषध मारत्यात."

"घालतो."

"आजच."

"व्हय रं, घालतो म्हटलं की. चहा घेऊन जा."

"नको, एसटी निघंल."

"बरं. सावकाश जा."

"येतो, आबा."